असर्शन कॉलबॅकबद्दल नेमके काय लिहून ठेवावे?

आपला प्रश्न मला असा समजला. आपण कोल्हापुरात दूध संस्थांच्या बिलांचे पीएचपीमधले सॉफ्टवेअर सांभाळता, ते 7.4 वरून 8.3 वर नेण्याचे काम सुरू आहे, आणि आधीच्या प्रोग्रॅमरने लिहिलेला एक असर्शन कॉलबॅक (असर्टला दिलेली, कायम खरीच असायला हवी अशी अट खोटी ठरली की पीएचपी स्वतः बोलावते ते फंक्शन) मध्येच नडतो आहे. त्या फंक्शनच्या डोक्यावर "असर्शन खोटे ठरले की हे चालते; फाइल, ओळ, कोड आणि वर्णन मिळते" एवढीच टीप आहे. 7.4 वर तिसरे पॅरामीटर कायम रिकामे येत असे, 8.3 वर मात्र त्याच पॅरामीटरवरून टाइपएरर (चुकीच्या प्रकारची किंमत आल्याची एरर) येते. नव्याने रुजू झालेल्या मुलांना समजेल अशी टीप लिहून द्या, असे आपल्याला सांगितले आहे, आणि मूळ चूक टिपेत आहे, मॅन्युअलमध्ये आहे की कोडमध्ये, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

टीप अपुरी आहे, कोड जुना आहे आणि मॅन्युअल बरोबर आहे, पण मॅन्युअलमधली माहिती असर्टचे पान, असर्ट_ऑप्शन्सचे (कॉलबॅक आणि असर्टची सेटिंग्ज नोंदवणाऱ्या फंक्शनचे) पान, सेटिंग्जचे पान आणि आवृत्ती बदलतानाच्या सूचना अशा चार ठिकाणी विखुरलेली असल्यामुळे एकच पान वाचणाऱ्याच्या हाती अर्धेच चित्र लागते. आपल्या आधीच्या प्रोग्रॅमरनेही बहुधा एकच पान वाचले असावे. तरीही खरी अडचण तिसऱ्या पॅरामीटरची आहे असे मला वाटत नाही. कॉलबॅकची टीप लिहिताना बहुतेक जण "त्याला काय मिळते" याची यादी करतात आणि थांबतात. वाचणाऱ्याला मात्र तो केव्हा चालतो, केव्हा मुळीच चालत नाही आणि तो संपल्यावर प्रोग्रॅमचे पुढे काय होते, हे आधी कळायला हवे असते. पॅरामीटरची यादी चुकली तर एक टाइपएरर येते आणि ती डोळ्यांना दिसते, पण क्रम चुकीचा समजला तर अर्धी बिले जमा होऊन अर्धी राहू शकतात, आणि ते लक्षात यायला दहा दिवसांचा बिल-काळ उलटावा लागतो.

पुढे जे सांगतो ते तीन गोष्टींवर अवलंबून आहे: पीएचपीची आवृत्ती, सर्व्हरवरची पीएचपी.आयएनआय ही सेटिंग्जची फाइल आणि असर्टला दिलेले दुसरे आर्ग्युमेंट (अटीनंतरचे वर्णन) मजकूर आहे की ऑब्जेक्ट. यांतली एक जरी बदलली तरी उत्तर बदलते, त्यामुळे "असर्शन खोटे ठरले की हे चालते" असे बिनशर्त वाक्य टिपेत ठेवू नये. कोडच्या ओळी देण्याचे टाळतो, कारण मुद्दा लिहिण्याच्या पद्धतीचा नसून क्रमाचा आहे.

आपल्याच कामातले उदाहरण घेऊ. एका उत्पादकाच्या सकाळ-संध्याकाळच्या नोंदी, प्रत्येक नोंदीचे लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दरपत्रकातून आलेला दर आणि त्यावरून पैशांत काढलेली रक्कम, असे सगळे मिळून दहा दिवसांचे बिल तयार होते. बिल जमा करण्याआधी कोडमध्ये एक असर्ट आहे: सर्व नोंदींच्या रकमांची बेरीज बिलावरच्या एकूण रकमेइतकीच असली पाहिजे. असर्टची जागा ही अशीच असते, कारण ही बेरीज जुळली नाही तर दोष ना उत्पादकाचा, ना मशीनचा, तो आपल्या कोडचा असतो. मशीनमधून फॅट शून्य आले किंवा कोणी लिटरच्या जागी फॅट टाकले, तर ती आत येणाऱ्या माहितीची तपासणी आहे आणि ती साध्या इफने व्हायला हवी. हा फरक टिपेच्या पहिल्या परिच्छेदातच असावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण आपल्याकडच्या अनेक जुन्या प्रोग्रॅममध्ये फॅटची तपासणीही असर्टमध्येच कोंबलेली दिसते, आणि लाइव्ह सर्व्हरवर असर्शन बंद झाले की ती तपासणीही कोणाला न कळता बंद पडते.

आता क्रम पाहू. पहिला निर्णय कंपायलरच्या पातळीवर होतो आणि तो झेंड.असर्शन्स या सेटिंगवर ठरतो. हे सेटिंग पीएचपी 7.0 मध्ये, म्हणजे 2015 च्या डिसेंबरमध्ये आले. त्याची किंमत -1 असेल तर असर्टच्या ओळीसाठी कोडच तयार होत नाही, जणू ती ओळ फाइलमध्ये नव्हतीच. किंमत 0 असेल तर कोड तयार होतो, पण चालताना ती ओळ ओलांडली जाते. किंमत 1 असेल तरच असर्ट खरोखर चालतो. चालू प्रोग्रॅममधून 0 आणि 1 यांच्यात अदलाबदल करता येते, पण -1 मध्ये जाणे किंवा -1 मधून बाहेर येणे फक्त पीएचपी.आयएनआयमधूनच शक्य आहे. -1 किंवा 0 असताना असर्टच्या कंसातली अट तपासलीच जात नाही, मग कॉलबॅकचा प्रश्नच उरत नाही. कोणी हुशारीने असर्टच्या कंसातच डेटाबेसमध्ये नोंद घालणारे फंक्शन लिहिले असेल, तर लाइव्ह सर्व्हरवर ती नोंद होणार नाही. म्हणून असर्टच्या कंसात काहीही बदल घडवणारे काम करू नये, हे टिपेत ठळकपणे लिहावे.

कॉलबॅक "कधी चालतच नाही" अशी तक्रार आली की मी सर्वांत आधी हेच सेटिंग पाहतो. पीएचपीसोबत येणाऱ्या प्रॉडक्शनच्या नमुना फाइलमध्ये ते -1 असते, पण पीएचपीची स्वतःची डिफॉल्ट किंमत 1 आहे, म्हणजे आयएनआय फाइलच नसेल तर असर्शन चालू असते. डॉकरच्या (प्रोग्रॅम कंटेनरमध्ये बंदिस्त करून चालवणाऱ्या साधनाच्या) अधिकृत पीएचपी इमेजमध्ये दोन्ही नमुना फाइली असतात, पण त्यांपैकी कोणतीही आपोआप लागू होत नाही, त्यामुळे नमुना फाइल जागेवर न ठेवता कंटेनर थेट लाइव्ह केला तर तेथे असर्शन पूर्ण ताकदीने चालू राहते. उलट उबुंटूवर वेबसाठीची आणि कमांड लाइनसाठीची आयएनआय फाइल वेगवेगळ्या फोल्डरमध्ये असते. आपली दूध बिले बहुधा रात्री क्रॉन या ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या सोयीतून, म्हणजे कमांड लाइनवरून निघत असतील, आणि दिवसा सचिव पडद्यावर पाहतात तो कोड वेबमधून चालत असेल. म्हणजे एकाच फाइलमधला एकच असर्ट दिवसा एक वागेल आणि रात्री दुसरेच. टिपेत "आमच्या सर्व्हरवर कोणत्या ठिकाणी किंमत काय आहे" हे दोन ओळींत लिहिलेले असेल, तर पुढच्या माणसाचा बराच वेळ वाचेल.

झेंड.असर्शन्स 1 आहे असे धरू. आता असर्टला दिलेली आर्ग्युमेंट्स आधी मोजली जातात, कारण कोणत्याही फंक्शनप्रमाणे आधी आर्ग्युमेंट्स, मग फंक्शन, हाच नियम येथेही लागू आहे. याचा एक परिणाम पटकन लक्षात येत नाही. वर्णनात आपण उत्पादक क्रमांक आणि दोन्ही रकमा गुंफून लांब वाक्य तयार केले असेल, तर अट खरी ठरली तरी ते वाक्य प्रत्येक वेळी तयार होते, आणि वर्णनाच्या जागी नवा एक्सेप्शन ऑब्जेक्ट दिला असेल तर तोही प्रत्येक वेळी तयार होतो, फक्त फेकला जात नाही. हजारो उत्पादकांच्या बिलांच्या लूपमध्ये हे जाणवू शकते.

त्यानंतर असर्ट.ॲक्टिव्ह हे जुने सेटिंग पाहिले जाते. ते बंद असेल तर असर्ट गुपचूप खरे म्हणून परततो, पण अट तोपर्यंत मोजली गेलेली असते, हा त्याचा आणि झेंड.असर्शन्सचा फरक आहे. मग अट खरी असेल तर विषय संपला. अट खोटी असेल तर 8.0 पासून पुढचा प्रश्न असा विचारला जातो: दुसरे आर्ग्युमेंट थ्रोएबल (फेकता येणारा, म्हणजे एरर किंवा एक्सेप्शन) ऑब्जेक्ट आहे का? असेल तर तोच ऑब्जेक्ट तेथल्या तेथे फेकला जातो, आणि कॉलबॅक बोलावलाच जात नाही. असर्ट.एक्सेप्शन आणि असर्ट.बेल या सेटिंग्जचाही या वेळी काही संबंध राहत नाही. आपल्या टिपेत या नियमाचा उल्लेख नाही, आणि माझ्या मते तीच तिची सर्वांत मोठी उणीव आहे. एखाद्या नव्या मुलाने चांगल्या हेतूने वर्णनाच्या मजकुराऐवजी स्वतःचा नीटनेटका एक्सेप्शन वर्ग दिला, तर त्या ओळीपुरता कॉलबॅक निकामी होतो, लॉगमध्ये नोंद येत नाही आणि कोणाला काही कळतही नाही.

दुसरे आर्ग्युमेंट मजकूर असेल किंवा दिलेलेच नसेल, तर कॉलबॅक बोलावला जातो. त्याने काय परत दिले याकडे पीएचपी पाहत नाही. "कॉलबॅकने खरे परत दिले की असर्शन माफ होते" असा समज मी एकाहून अधिक ठिकाणी कॉमेंटमध्ये लिहिलेला पाहिला आहे, त्याला काहीही आधार नाही. कॉलबॅक संपल्यावर असर्ट.एक्सेप्शन चालू असेल तर असर्शनएरर फेकली जाते, ते बंद असेल आणि असर्ट.वॉर्निंग चालू असेल तर वॉर्निंग निघते. असर्ट.बेल चालू असेल तर स्क्रिप्ट तेथेच थांबते. यांपैकी असर्ट.एक्सेप्शनची डिफॉल्ट किंमत 7 च्या मालिकेत 0 होती, ती 8.0 मध्ये, 2020 च्या नोव्हेंबरमध्ये, 1 झाली.

म्हणजे कोडचे एक अक्षरही न बदलता आपला प्रोग्रॅम वेगळा वागू लागला आहे. 7.4 वर बेरीज जुळली नाही तर कॉलबॅक लॉगमध्ये लिहीत असे, एक वॉर्निंग येत असे, आणि लूप पुढच्या उत्पादकाकडे जात असे. 8.3 वर, तिसऱ्या पॅरामीटरची टाइपएरर दुरुस्त केली तरी, कॉलबॅक लॉगमध्ये लिहितो आणि त्यानंतर असर्शनएरर येऊन बिलांचे काम त्या उत्पादकापाशीच थांबते. येथे आणखी एक खाच आहे. असर्शनएरर हा एरर वर्गाचा वंशज आहे, एक्सेप्शनचा नव्हे, त्यामुळे लूपभोवती एक्सेप्शन पकडणारा कॅच लिहिलेला असला तरी तो तिला पकडणार नाही, आणि थ्रोएबल पकडणारा सरसकट कॅच असेल तर तो तिला गिळून टाकेल. आपल्या कोडमध्ये यांपैकी कोणता आहे, ते तपासून टिपेत नोंदवावे.

काम मध्येच थांबल्यावर डेटाबेसमध्ये काय उरते, हेही त्याच टिपेत यायला हवे. पीडीओने (पीएचपीला डेटाबेसशी जोडणाऱ्या सोयीने) ट्रान्झॅक्शन, म्हणजे सगळे बदल एकत्र पक्के होतील किंवा एकही होणार नाही असा गट, उघडले असेल आणि कमिट होण्याआधी स्क्रिप्ट संपली, तर ते आपोआप मागे फिरते. पण हे टेबल मायएसक्यूएलच्या इनोडीबी प्रकाराचे असेल तरच खरे आहे. बरीच वर्षे चालत आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मायआयसॅमची टेबले अजून सापडतात, आणि त्यांना ट्रान्झॅक्शन हा प्रकारच माहीत नाही. तेथे पहिल्या काही उत्पादकांची बिले जमा होतील आणि उरलेल्यांची होणार नाहीत. कॉलबॅकच्या टिपेत टेबलाच्या प्रकाराचा उल्लेख आपल्याला विषयांतर वाटेल, पण रात्री फोन आल्यावर माणूस टीप उघडतो तो याच प्रश्नाच्या उत्तरासाठी.

आतापर्यंतचे थोडक्यात असे: झेंड.असर्शन्स, मग आर्ग्युमेंट्स, मग असर्ट.ॲक्टिव्ह, मग अट, मग थ्रोएबल आहे का, मग कॉलबॅक, आणि शेवटी एरर किंवा वॉर्निंग. टिपेची रचनाही याच क्रमाने केली तर वाचणाऱ्याला मागे-पुढे पाने उलटावी लागत नाहीत.

आता पॅरामीटर. पहिले फाइलचे नाव, दुसरे ओळ क्रमांक, आणि हे दोन्ही जेथे असर्ट लिहिला आहे तेथले असतात, कॉलबॅकच्या फाइलचे नव्हेत. तिसऱ्या पॅरामीटरचा इतिहास कळला की त्याचा गोंधळ मिटतो. पूर्वी असर्टला अट मजकुराच्या रूपात, अवतरणचिन्हांत घालून देता येत असे आणि पीएचपी तो मजकूर कोड म्हणून चालवून पाहत असे. त्या काळी तिसऱ्या पॅरामीटरमध्ये तो मजकूर येत असे. बाहेरून आलेला मजकूर चुकून असर्टपर्यंत पोहोचला तर तो कोड म्हणून चालण्याचा धोका होता, म्हणून ही सोय 7.2 मध्ये डेप्रिकेटेड (चालते, पण वापरू नये अशी सूचना देणारी) झाली आणि 8.0 मध्ये गेली. अट मजकूर नसून साधी अट असेल, तर 8.0 च्या आधी तिसऱ्या पॅरामीटरमध्ये रिकामा मजकूर येत असे, आणि 8.0 पासून तेथे नेहमीच नल (म्हणजे किंमतच नाही) येतो. आपल्या फंक्शनमध्ये तिसऱ्या पॅरामीटरचा प्रकार "स्ट्रिंग" असा बांधलेला आहे. रिकामा मजकूर हाही मजकूरच असल्यामुळे 7.4 वर ते चालून गेले, पण नल हा मजकूर नव्हे, आणि आपण स्वतः लिहिलेल्या फंक्शनला नल दिला तर पीएचपी त्याचे रूपांतर करून घेत नाही. टाइपएरर येते ती यामुळे.

ज्या गोष्टीसाठी लोक तिसऱ्या पॅरामीटरकडे पाहतात, ती चौथ्यात मिळते. वर्णन दिले असेल तर चौथ्या पॅरामीटरमध्ये ते वर्णन येते, आणि दिले नसेल तर 7.0 पासून कंपायलर स्वतःच असर्टच्या ओळीचा मजकूर वर्णन म्हणून भरतो. आपल्या उदाहरणात लॉगमध्ये "दूधबिल.पीएचपी, ओळ 214, असर्ट($बेरीज === $एकूण)" असे काहीसे दिसेल. हा मजकूर फाइलमधून उचललेला नसतो, कंपायलरने समजून घेतलेल्या रचनेवरून पुन्हा लिहिलेला असतो, त्यामुळे आपण दिलेली मोकळी जागा आणि मधल्या कॉमेंट त्यात तशाच्या तशा नसतात. लॉगमधली ओळ कॉपी करून फाइलमध्ये शोधणाऱ्याला ती सापडली नाही तर तो गोंधळतो, म्हणून शोध ओळ क्रमांकानेच घ्यावा, असे एक वाक्य टिपेत असू द्यावे. चौथे पॅरामीटर ऐच्छिक ठेवावे, म्हणजे त्याला डिफॉल्ट किंमत द्यावी, कारण वर्णन म्हणून कोणी मुद्दाम नल दिला तर कॉलबॅकला तीनच आर्ग्युमेंट्स मिळतात.

यांत चलांच्या किमती कोठेही नाहीत. $बेरीज किती होती आणि $एकूण किती, हे कॉलबॅकला कळत नाही. त्या किमती हव्या असतील तर त्या वर्णनातच घालाव्या लागतात, आणि त्याची किंमत वर सांगितली आहेच. मी स्वतः बिलासारख्या ठिकाणी ती मोजायला तयार असतो, कारण "बेरीज जुळत नाही" एवढ्याच नोंदीवरून काही करता येत नाही, तर "उत्पादक 47, बेरीज 218450 पैसे, एकूण 218400 पैसे" अशी नोंद पाहिली की पन्नास पैशांचा फरक गोलाई करताना आला, हे लगेच दिसते. फार वेळा फिरणाऱ्या आतल्या लूपमध्ये मात्र मी वर्णन टाळतो.

कॉलबॅकने काय करू नये, हे लिहिण्यात लोक कंजुषी करतात. त्याने पडद्यावर काही छापू नये. संस्थेच्या सचिवाला इंग्रजी एरर दिसून काडीचाही उपयोग नसतो. तो मोबाइलवर पडद्याचा फोटो काढतो आणि "सायेब, हे काय आलंय बघा की" असे लिहून पाठवतो, आणि फोटोत नेमका ओळ क्रमांक कापला गेलेला असतो. कॉलबॅकने लॉगमध्ये लिहावे, हवे तर आपल्याला निरोप जाईल अशी व्यवस्था करावी, आणि परतावे. त्याने स्वतः एक्सेप्शन फेकू नये, कारण तो परतल्यावर पीएचपी स्वतःच असर्शनएरर फेकणार असते आणि मग लॉगमध्ये एकात एक अडकलेल्या दोन एरर वाचत बसावे लागते. कॉलबॅकची जागा एकच असते, हेही नोंदवावे. नवा नोंदवला की जुना जातो, त्यांची रांग लागत नाही. एखाद्या बाहेरच्या लायब्ररीने स्वतःचा कॉलबॅक नोंदवला तर आपला गेला. असर्ट_ऑप्शन्स हे फंक्शन आधीचा कॉलबॅक परत देते, तो जपून ठेवून नंतर पुन्हा नोंदवता येतो.

हे सगळे धरून आपल्या फंक्शनच्या डोक्यावर मी साधारण असा मजकूर लिहिला असता. शब्द आपल्या सोयीने बदलावेत:

"हे फंक्शन असर्ट खोटा ठरल्यावर, एरर फेकली जाण्याआधी, पीएचपीकडून बोलावले जाते. झेंड.असर्शन्स 1 नसेल, असर्ट.ॲक्टिव्ह बंद असेल किंवा (8.0 पासून) असर्टला वर्णनाऐवजी थ्रोएबल दिला असेल, तर हे बोलावले जात नाही. काम: फक्त लॉगमध्ये नोंद. परत दिलेली किंमत वापरली जात नाही. येथून एक्सेप्शन फेकू नये आणि पडद्यावर काही छापू नये. हे परतल्यावर 7.4 मध्ये वॉर्निंग येऊन काम पुढे चालते, 8.0 पासून असर्शनएरर येते आणि चालू बिलाचे काम थांबते. पॅरामीटर: असर्टची फाइल, असर्टची ओळ, तिसरे जुन्या काळचे, 8.0 पासून नेहमी नल, वापरू नये. चौथे वर्णन, दिलेले नसल्यास असर्टच्या ओळीचा मजकूर. चलांच्या किमती मिळत नाहीत. ही सोय 8.3 पासून डेप्रिकेटेड आहे. नवीन कोडमध्ये वापरू नये."

यातले शेवटचे वाक्य आपल्याला खटकेल, पण ते टाळता येणार नाही. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या 8.3 मध्ये असर्ट_ऑप्शन्स हे फंक्शन, त्याची सर्व स्थिरांके, आणि असर्ट.कॉलबॅक, असर्ट.एक्सेप्शन, असर्ट.वॉर्निंग, असर्ट.बेल, असर्ट.ॲक्टिव्ह ही सेटिंग्ज डेप्रिकेटेड ठरवली गेली. असर्ट स्वतः आणि झेंड.असर्शन्स मात्र कायम आहेत. डेप्रिकेटेड म्हणजे आज चालते, सूचना देते, आणि पुढच्या एखाद्या मोठ्या आवृत्तीत काढले जाण्याच्या वाटेवर आहे. "मग जाणाऱ्या गोष्टीचे डॉक्युमेंटेशन कशाला सुधारायचे?" असे आपल्या वरिष्ठांनी विचारले, तर माझे मत असे की तिचेच आधी सुधारावे. ती काढून टाकणाऱ्याला, ती नेमके काय करत होती, हे माहीत असल्याशिवाय तो पर्याय धड उभा करू शकणार नाही.

पर्याय कोणता, हे कॉलबॅक कशासाठी ठेवला होता यावर ठरते. असर्शन फसले की काम थांबावे आणि नोंद व्हावी, एवढाच हेतू असेल तर कॉलबॅक काढून टाकावा, आणि लॉगचे काम सेट_एक्सेप्शन_हँडलरने नोंदवलेल्या सर्वसाधारण हँडलरकडे द्यावे, जो न पकडलेल्या सर्व एररसाठी चालतो. असर्शनएररमधून फाइल, ओळ आणि संदेश मिळतोच, शिवाय फंक्शन कोणत्या मार्गाने येथवर आले त्याचा मागही मिळतो, जो कॉलबॅकला आयता मिळत नव्हता. एका उत्पादकाचे बिल अडले तरी बाकीच्यांचे व्हावे असे वाटत असेल, तर लूपच्या आत असर्शनएरर नाव घेऊन पकडावी, त्या उत्पादकाचे ट्रान्झॅक्शन मागे घ्यावे, नोंद करावी आणि पुढे जावे.

पण हेतू "नोंद करा आणि त्याच बिलाचे काम तसेच पुढे चालू द्या" असा असेल, तर ते मुळात असर्शन नव्हतेच, ती देखरेख होती. 7.4 च्या डिफॉल्टमुळे ती असर्शनच्या नावाखाली खपून गेली. असर्ट.एक्सेप्शन 0 करून जुने वागणे आजही परत आणता येईल, पण तेही सेटिंग डेप्रिकेटेड असल्यामुळे दुखणे फक्त पुढे ढकलले जाईल. अशा ठिकाणी असर्ट काढून साधा इफ आणि लॉगची ओळ लिहावी. तो झेंड.असर्शन्सवर अवलंबून राहत नाही, हा वरचा फायदा. आपल्या कोडमधल्या प्रत्येक असर्टपाशी थांबून हा एक प्रश्न विचारावा लागेल. ते कंटाळवाणे काम आहे, आणि ते आपोआप करणारे साधन शोधत बसू नये, कारण हेतू कोडमध्ये लिहिलेला नसतो. दिवाळीच्या फरकाचे वाटप हातात असेल तर ते संपल्यावर हे काम घ्यावे, त्या दिवसांत नको.

मॅन्युअलबद्दल एक सूचना. पीएचपीच्या मॅन्युअलमध्ये पानाच्या तळाशी वाचकांनी लिहिलेल्या टिपा असतात, आणि त्यांतल्या अनेक पीएचपी 5 च्या काळातल्या आहेत. मजकुराच्या रूपात अट देणारी उदाहरणे नवी मुले बहुधा तेथूनच उचलतात. वरचा मुख्य मजकूर आणि बदलांचा तक्ता एवढेच प्रमाण मानावे. मुख्य मजकुरातही काही अस्पष्ट वाटले, तर ते बदलण्याचा मार्ग खुला आहे. इंग्रजी मॅन्युअलचा मूळ मजकूर डॉकबुक एक्सएमएलमध्ये असून गिटहबवर आहे, आणि कोणालाही दुरुस्ती सुचवता येते. अशी दुरुस्ती सुचवताना सबंध पान नव्याने लिहून पाठवू नये. "कॉलबॅक या स्थितीत बोलावला जात नाही" अशी एकेक नेमकी भर, ती कोणत्या आवृत्तीपासून खरी आहे त्या उल्लेखासह, स्वीकारली जाण्याची शक्यता अधिक असते.

टीप लिहून झाल्यावर तिच्या शेजारी एक छोटी चाचणी फाइल ठेवावी, जी कॉलबॅक नोंदवून मुद्दाम तीन असर्ट खोटे पाडते: एक वर्णनाशिवाय, एक मजकूर-वर्णनासह आणि एक थ्रोएबलसह. 8 वर पहिल्याच असर्टला असर्शनएरर येऊन फाइल थांबू नये म्हणून तिन्ही वेगवेगळ्या ट्राय-कॅचमध्ये ठेवावेत. कॉलबॅकमध्ये किती आर्ग्युमेंट्स आली आणि कोणत्या प्रकारची, एवढेच छापावे. येथे छापायला हरकत नाही. कमांड लाइनवर "-डी" देऊन झेंड.असर्शन्स 1 करून ही फाइल 7.4 आणि 8.3 दोन्हींवर चालवली की टिपेतले प्रत्येक वाक्य खरे आहे की नाही ते दिसेल. पुढच्या वेळी आवृत्ती बदलताना टीप वाचण्याआधी ही फाइल चालवावी.

आज लगेच करायचे काम एवढेच की तिसऱ्या पॅरामीटरचा प्रकार, स्ट्रिंगच्या आधी प्रश्नचिन्ह लावून, "स्ट्रिंग किंवा नल" असा करावा, जो 7.4 वरही चालतो, आणि क्रॉन ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो त्याच वापरकर्त्याने सर्व्हरवर पीएचपीला "--आयएनआय" हा पर्याय देऊन कोणती फाइल वाचली जाते ते पाहावे. टेबले मायआयसॅमची निघाली तर 8.3 वरचे पहिले बिल काढण्याआधी ती इनोडीबीत न्यावीत, आणि त्याआधी बॅकअप घ्यावा.